महायुद्धातला रेझर आणि दाढी करणारा हात

भाग ऐकता ऐकता नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावर ज्यांच्या नेटवर्कने नेहमीसारखी मान टाकली, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं छाटलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

ऑडिओच्या सुरुवातीला तीनदा ‘टिक’ असा आवाज येतो. तो घड्याळाचा नाही. एका पितळी रेझरचे तीन भाग मी एकेक करून टेबलावर ठेवले, त्याचा आहे. वरचं टोपण, मधली दातेरी पट्टी आणि खालची आटे पाडलेली दांडी. बस, एवढंच. यात स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. टोपण आणि पट्टीच्या मध्ये ब्लेड धरायचं, दांडी पिळायची, रेझर तयार. वस्तू शंभर वर्षांपूर्वीची आहे, आणि स्टेशनबाहेरच्या दुकानातलं आजचं साधं ब्लेड तिच्यात बरोबर बसतं. तुमच्या मागच्या फोनचा चार्जर या फोनला बसतो का, ते जरा आठवा.

माझ्याकडे असे अकरा रेझर आहेत. त्यातले खरोखर महायुद्धाच्या काळातले म्हणता येतील असे तीन. मित्र विचारतात, भंगार गोळा करण्यात कसला आलाय इतिहास? तर आजचा भाग त्याचंच उत्तर आहे. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून आपली दाढी आपण करायची, ही सवय आपल्याला फार जुनी वाटते. सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात ती जेमतेम शंभर वर्षांपूर्वी आली, आणि ती पसरवण्यात युद्धाच्या सरकारी खरेदीचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे तर प्रश्न याहून खोल होता. वस्तरा कुणाच्या हातात, आणि तो हात कुणाच्या गालाला लागणार?

आधी अमेरिकेत जाऊ. किंग कॅम्प जिलेट हा माणूस बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. (‘किंग’ हे त्याचं नाव, पदवी नाही.) बूच एकदा उघडलं की फेकून देतात आणि नवीन घेतात, यातली कमाई त्याने जवळून बघितली होती. १८९५ साली दाढी करताना त्याच्या डोक्यात आलं की वस्तऱ्याला खरी गरज फक्त धारेची आहे. मग धारेपुरती पातळ पोलादी पट्टी करावी, बोथट झाली की टाकून द्यावी. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी याच माणसाने ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. व्यापारातली स्पर्धा हेच सगळ्या दुःखाचं मूळ आहे, सगळ्यांनी नायगारा धबधब्याजवळ एका अवाढव्य शहरात राहावं आणि सगळं उत्पादन एकाच सामाईक कंपनीने करावं, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याच्याच नावावर जगातल्या सगळ्यात घासाघाशीच्या धंद्यांपैकी एक उभा राहिला.

पातळ पोलादाला पाणी देऊन धार टिकवणं हे तेव्हाच्या कारागिरांना अशक्य वाटत होतं. विल्यम निकर्सन या इंजिनिअरने ते जमवलं. १९०१ मध्ये कंपनी निघाली, १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षाचा खप किती असेल? ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, पेटंट मिळालं आणि आकडा नव्वद हजार रेझरच्या वर गेला.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण स्टार्टअपवाल्या रील्समध्ये तो सारखा कानावर येतो. जिलेटने म्हणे रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि ब्लेडमध्ये पैसे कमावले. सुरुवातीला तसं काही नव्हतं. सेटची किंमत पाच डॉलर होती, आणि पाच डॉलर म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला मोठा हिस्सा. ती हौसेची, भेट द्यायची वस्तू होती. रेझर स्वस्त झाला तो १९२१ साली पेटंटची मुदत संपली आणि नकला करणारे बाजारात उतरायला मोकळे झाले तेव्हा. पण तोपर्यंत गिऱ्हाईक तयार झालेलं होतं. ते तयार केलं युद्धाने.

अमेरिका पहिल्या महायुद्धात १९१७ च्या एप्रिलमध्ये उतरली. सैनिकाने स्वतःची दाढी स्वतः, रोज, खंदकात असला तरी करायची हे ठरलं. सरकारने जिलेटकडून घेतलेल्या मालाचा आकडा सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेडं असा सांगितला जातो. खाकी कापडाच्या पाकिटातला किंवा छोट्या धातूच्या डबीतला सेट, सोबत न फुटणारा धातूचा आरसा. आता विचार करा. विशी-बाविशीतली मुलं, त्यातल्या कितीतरी जणांच्या वडिलांनी आयुष्यभर आठवड्यातून एक-दोनदा न्हाव्याकडे जाऊन दाढी केलेली. या मुलांना महिनोन्‌महिने रोज स्वतः दाढी करायला लावलं. लढाई संपली, मुलं घरी गेली, रेझर त्यांच्याकडेच राहिले. आणि ब्लेड तर विकतच घ्यावं लागणार. कुठल्या जाहिरातीला हे जमलं असतं?

ब्रिटिश सैन्याची तऱ्हा वेगळी. त्यांच्या नियमात हनुवटी आणि खालचा ओठ साफ हवा, पण वरच्या ओठावर वस्तरा चालवायला मनाई. म्हणजे मिशी सक्तीची! १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ती सक्ती उठली. ज्या जनरलच्या हुकुमाने उठली ते नेव्हिल मॅक्रेडी स्वतःच आपल्या मिशीला वैतागलेले होते.

विषारी वायूची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गॅस मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढ्या गेल्या, वगैरे. अमेरिकन सैन्यापुरतं त्यात तथ्य आहे. पण तीच गोष्ट आपल्या सैनिकांना चिकटवू नका. हिंदी पायदळ फ्रान्समध्ये लढलं, १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या लढाईत विषारी वायूसमोरही उभं राहिलं, पण तेव्हा तोंडावर बांधायला होती ओली फडकी. चेहऱ्याला घट्ट बसणारा डबीवाला मास्क आला १९१६ मध्ये, आणि १९१५ संपता संपता हिंदी पायदळाचा बहुतेक भाग फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हललेला होता.

मेसोपोटेमियात मराठा पलटणी आधीपासून होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. या पलटणींबरोबर धोबी, भिस्ती, आचारी आणि न्हावी असत. फौजेच्या कागदांत त्यांना ‘फॉलोअर’ म्हणत. बंदूक नाही, पगार कमी, आणि तोफेचा गोळा काही फॉलोअर बघून बाजूला पडत नाही. म्हणजे एकाच महायुद्धात अमेरिकन पोराला सरकार सांगत होतं की तुझी दाढी तू कर, आणि सातारा-रत्नागिरीच्या पोराबरोबर गावातली व्यवस्थाच उचलून बसऱ्याला पाठवली होती.

ती गावातली व्यवस्था काय होती? तुमच्यातल्या बऱ्याच जणांसाठी ‘न्हाव्याकडे जाणं’ म्हणजे एसी सलून, फेड आणि बिअर्ड ट्रिम. जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, कातडी पट्टा. घरोघर जायचं, वर्षाच्या कामाचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळायचा. हे नुसतं केस कापण्याचं काम नव्हतं. मुलाचं जावळ, लग्नातलं काम, घरात मयत झाल्यावरचं मुंडण, सगळीकडे तो लागायचा. त्यामुळे न्हाव्याने ‘येणार नाही’ म्हटलं की माणूस गावात उघडा पडायचा.

याची दोन उदाहरणं सांगतो, आणि दोन्ही अभिमानाची आहेत. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकाराविरुद्ध शेतकऱ्यांनी बहिष्कार पुकारला. त्याचं शेत करायचं नाही, त्याच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. आणि न्हाव्याने त्याची दाढी करायची नाही. त्यातूनच पुढे १८७५ चे दख्खनचे दंगे पेटले. दुसरं १८९० चं. मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करायचं नाही असं ठरलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे, म्हणजे गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे सत्यशोधक कार्यकर्ते. ज्या हाताने ते काम करायचं, तोच हात ‘नाही’ म्हणाला. केशवपनाविरुद्ध तेव्हा लेख आणि भाषणं पुष्कळ झाली, पण मला या एका नकाराइतकं धारदार त्यातलं काही वाटत नाही.

पण हाच नकार दुसऱ्या बाजूलाही वळायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात साताऱ्याचं बालपण सांगितलंय. घरात मुलांचे केस थोरली बहीण कापायची. साताऱ्यात न्हावी नव्हते म्हणून नाही, आणि द्यायला पैसे नव्हते म्हणूनही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुठलाच न्हावी तयार नव्हता म्हणून. कापून कापून बहीण त्यात तरबेज झाली होती. आणि लक्षात घ्या, हे कुणाचं घर होतं? वडील रामजी आंबेडकर ब्रिटिश फौजेत सुभेदार होते. सरकारच्या लेखी सुभेदार, गावातल्या वस्तऱ्याच्या लेखी कुणीच नाही.

गांधीजींचाही एक प्रसंग आहे, आत्मकथेत. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी बाजारातून मशीन आणलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे पार बिघडले. कोर्टातली मित्रमंडळी विचारू लागली की उंदरांनी कुरतडले का. पण त्यावर गांधीजी लिहितात की त्या न्हाव्याला दोष कसा देऊ? आपण आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का?

आता या सगळ्याशेजारी तो तीन तुकड्यांचा रेझर ठेवून बघा. वस्तरा चालवणं हे शिकायचं काम आहे. हात बसायला महिने लागतात, दगडावर धार लावायची, कातडी पट्ट्यावर फिरवायची, आणि स्वतःच्या गळ्यावर तो स्वतः चालवायचा म्हणजे धाडसच. सेफ्टी रेझरने ती विद्या अनावश्यक करून टाकली. त्याच्या जाहिराती वेळेची आणि पैशांची बचत सांगायच्या. पण ज्याला न्हावी दारात उभा करत नव्हता, त्याच्या हातात हा रेझर पडला तर त्याचा अर्थ किती वेगळा होत असेल! १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली गेली आणि १९२१ मध्ये, गरज संपल्यावर, मोडून टाकली. पुन्हा महायुद्ध आलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. जुन्या रेझरकडे बघताना मला लढाईच्या आधी या भरत्या आठवतात. फौजेतून परतलेला माणूस गणवेश, पेन्शन, अक्षरओळख घेऊन यायचा, त्यात ‘माझं मी करीन’ हीही एक गोष्ट असणार, असं मला वाटतं.

बरं, दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ, कारण बाजारात जे रेझर मिळतात ते बहुतेक याच काळाच्या आसपासचे. जिलेटचं ‘टेक’ नावाचं मॉडेल १९३८ मध्ये आलं. दातेरी पट्टीच्या जागी सरळ कडा. नवशिक्यासाठी आजही त्याच्याइतका समजूतदार रेझर नाही. पण युद्ध सुरू झाल्यावर पितळ मिळेना. काडतुसांच्या नळ्या पितळेच्या असतात आणि कारखान्यांना आधी त्या हव्या होत्या. म्हणून युद्धकाळातल्या काही टेकना प्लॅस्टिकची दांडी आहे. हातात घेतला की डोकं जड, दांडी हलकी, तोल विचित्र. रेझरने युद्धाचा हिशोब स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलाय म्हणा ना.

ब्लेडांचीही टंचाई झाली. तेव्हाची ब्लेडं साध्या पोलादाची, ओली राहिली की गंजणार. स्टेनलेस ब्लेड आलं ते १९६० च्या दशकात. त्यामुळे लोक एकेक ब्लेड पुरवून वापरायचे. काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून घासायचं, की धार थोडी परत येते. आपल्याकडे आजोबा पिढीतल्या कित्येकांनी हे केलेलं आहे, घरात विचारून बघा. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीत तर ब्लेडांची टंचाई सारखी डोकावत राहते. नायकाला सहकारी विचारतो, ब्लेड आहे का एखादं? आणि तो साफ नाही म्हणतो, दोन कोरी ब्लेडं लपवून ठेवलेली असताना. हुकूमशाहीत माणूस किती लहान होतो, हे दाखवायला ऑर्वेलला दोन ब्लेडं पुरली. कादंबरी १९४९ ची. ब्लेडांची वणवण लंडनच्या लोकांना तोंडपाठ होती.

आणि आता खास तुम्हा कानात इअरबड घालून बसणाऱ्यांसाठी. ब्लेडचा रेडिओ करता येतो. खरंच. १९४४ च्या जानेवारीत इटलीत अँझिओला अमेरिकन फौज उतरली आणि किनाऱ्यावर अडकून पडली. तिथल्या सैनिकांनी निळसर पडलेलं ब्लेड, पेन्सिलीतलं शिसं, एक सेफ्टी पिन, तारेचं वेटोळं आणि हेडफोन एवढ्यावर रेडिओ केले. ब्लेडच्या पृष्ठभागावरचा थर आणि शिशाचं टोक जिथे टेकतं, तिथून वीज एका दिशेला सहज जाते, उलट दिशेला अडते. तेवढ्यावर रेडिओलहरीतला आवाज वेगळा काढता येतो. बॅटरी लागतच नाही. खंदकात बसून गाणी ऐकायची सोय दाढीच्या सामानातून. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या एमआय-९ या शाखेने तर चुंबक केलेली ब्लेडं पुरवली. दोऱ्याला आडवं टांगलं की ते उत्तर-दक्षिण स्थिर होतं, पकडलेल्या सैनिकाला पळताना होकायंत्र. कैदेतसुद्धा दाढीचं सामान कोण काढून घेणार?

इटलीत तेव्हा आपली माणसंही होती. त्याच वर्षी १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. जुन्या बाजारात ‘वर्ल्ड वॉर पीस’ म्हणून कुणी काही हातात ठेवलं की माझा उत्साह या आकड्याशी येऊन थोडा थबकतो.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर थोडं व्यवहाराचं. मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटच्या आसपास असे रेझर दिसतात. पहाटेच्या पहिल्या विरार लोकलने निघालं तर शुक्रवारचा रस्त्यावरचा बाजार गाठता येतो. “वर्ल्ड वॉर का है साब” हे वाक्य तिथे प्रत्येक रेझरबरोबर मोफत मिळतं. दहातले बरेचसे युद्धानंतरचे, पन्नाशी-साठीच्या दशकातले इंग्लिश टेक असतात. वाईट नसतात, उलट दाढीला उत्तम. फक्त युद्धाचे नसतात.

ओळखायचं कसं? जिलेटने साधारण १९५० नंतर रेझरवर तारखेची खूण टाकायला सुरुवात केली: एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा, वर्ष आणि तिमाहीसाठी. ही जोडी दिसली की युद्धाचा विषय संपला. लांबलचक अनुक्रमांक दिसला तर उलट आनंद माना, तो बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा असतो. पक्ष्याच्या पायाच्या ठशासारखा छोटा बाण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. पण बाण कोरायला एक छिन्नी पुरते, तेव्हा नुसत्या बाणावर पैसे टाकू नका. बाणाच्या खोबणीत वर्षांचा मळ आहे का ते बघा. जुन्या दातेरी पट्टीवाल्या रेझरमध्ये दाते वाकलेत का ते उजेडासमोर धरून तपासा, कारण एक दाता वाकडा म्हणजे रोज एक कापणं. आणि दांडीवर उभी बारीक भेग आहे का तेही बघा. पोकळ नळीच्या दांड्या तिथेच फुटतात.

आणायचं सोपं, टिकवायचं कठीण, निदान आपल्या वसई-विरारमध्ये. भुईगाव, कळंब, अर्नाळा, समुद्राची हवा सगळीकडे. पितळेवर पावसाळ्यात आठवड्याभरात हिरवट थर धरतो. घरात भांडी चिंचेने घासतात म्हणून रेझरलाही चिंच लावायची बुद्धी होते. तसं करू नका. वरचा चांदीचा किंवा निकेलचा पातळ मुलामा उरलेला असेल तर घासण्यात तोही जातो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश, मग स्पिरिट, आणि पूर्ण कोरडा करून ठेवणं. प्लॅस्टिकची दांडी कधीच उकळू नका.

सातिवलीच्या एका गाळ्यात प्लेटिंगचं काम करणाऱ्या दादांना मी एकदा माझा डबीवाला सेट दाखवला. त्यांनी उलटासुलटा केला आणि म्हणाले, “बफ मारून निकेल चढवतो, सोमवारी घेऊन जा. नवा नाही वाटला तर पैसे देऊ नका.” काम ते नक्की फर्स्ट क्लास करणार होते. पण डबीच्या झाकणात आतून कुणीतरी टोकदार वस्तूने तीन आद्याक्षरं आणि एक नंबर खरवडलाय, वेडावाकडा. बफच्या पहिल्या फेरीत तोच गेला असता. मी म्हटलं, राहू दे दादा. त्यांना ते पटलं नाही. अजून भेटले की विचारतात, “तो तुमचा गंजका डबा काय म्हणतो?”

दाढी करता येते का त्याने? रोज करतो. तुमच्या कार्ट्रिज रेझरची सवय मात्र सोडावी लागेल. तिथे आपण दाबतो, इथे दाबायचं नाही. रेझरचं वजनच पुरेसं आहे. डोकं गालाला टेकवायचं, मग दांडी हळूहळू खाली आणायची, ब्लेड केसाला लागल्याचा खरखर आवाज आला की तिथे थांबायचं; कोन साधारण तीस अंशांचा होतो. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने, छोटे छोटे हात. आधी गरम पाणी आणि ब्रशने फेस. शेवटी तुरटी. ब्लेड नेहमी नवं, आजचं. सेटमध्ये जुनी कागदात गुंडाळलेली ब्लेडं निघाली तर ती बघायची, वापरायची नाहीत. पहिल्या आठवड्यात हनुवटीखाली एक-दोनदा कापेल.

ब्लेडसाठी लांब जायला नको. सुपरमॅक्ससारखी जगभर गेलेली ब्लेडं ठाण्यात बनत होती. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, त्याआधी आपण वसईकर ठाणे जिल्ह्यातलेच, म्हणजे म्हटलं तर घरचाच माल.

आणि त्या ब्लेडचं पुढे काय झालं ते तुम्ही कुठल्याही साध्या सलूनमध्ये बघू शकता. कारागीर कागदातलं ब्लेड तसंच कागदासकट मधून मोडतो. कट्. अर्धं पातं वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या हत्यारात सरकवतो, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. नव्वदच्या दशकात एड्सच्या जनजागृतीनंतर ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणायची सवय गिऱ्हाइकांना लागली आणि धार लावायचे जुने वस्तरे शहरातून जवळपास गेले. ज्या पातळ पट्टीमुळे न्हाव्याची गरज संपेल असं जिलेटला वाटलं होतं, तीच मोडून न्हाव्याच्या हातात आली. धोकटी घेऊन दारोदार फिरणाऱ्याचा नातू आज नालासोपाऱ्यात स्वतःच्या दुकानात उभा आहे. सुगीच्या धान्यावर तो अवलंबून नाही, भिंतीवर दरपत्रक आहे, आणि खुर्चीत बसणाऱ्याला त्याने आडनाव विचारायचं कारण नाही. शहरात तरी. खेड्यांतून ‘आमचे केस कापत नाहीत’ अशा तक्रारी आजही अधूनमधून बातम्यांत येतात, तेव्हा हा विषय जुना झाला असं मी म्हणणार नाही.

तुमच्या घरात, आजोळी, माळ्यावरच्या ट्रंकेत असा रेझर असेल तर फोटो पाठवा. तीन फोटो लागतील: टोपणाची वरची बाजू, दातेरी किंवा सरळ पट्टी खालून, आणि डबी असेल तर झाकणाची आतली बाजू. घासू नका, जसा आहे तसा पाठवा. आणि घरात कुणी मोठं माणूस असेल तर आधी त्यांना विचारा की हा कुणी वापरला, आणि त्याच्या आधी त्यांच्या घरी दाढी करायला कोण यायचं. किंवा कोण येत नव्हतं. उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.